मिग-२१, माझा भाचा आणि आक्का

बरेच दिवस एक विषय डोक्यात घोळतोय. लिहू की नको, असं करता करता राहून गेला. घरातलीच गोष्ट आहे आणि घरातली माणसं हे वाचतात. शेवटी भाच्यालाच विचारलं, "लिहू का रे?" तर म्हणाला, "लिही की मावशी. फक्त माझं नाव नको, आणि मी रडलो असं लिहू नकोस." नावाचं मी पाळते आहे. दुसरं कसं पाळू? गोष्टच तिथून सुरू होते.

२६ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. नवरात्र चालू होतं. आक्का (माझी थोरली बहीण, वय वर्षं ऐंशीच्या पुढं) तांबड्या जोगेश्वरीला जायची तयारी करत होती. भाचा तिला न्यायला विमाननगरहून आला होता. मी टीव्ही लावून बसले होते. चंदीगडला मिग-२१ विमानांना निरोप देण्याचा समारंभ दाखवत होते. हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग स्वतः ते विमान उडवत होते. उतरल्यावर विमानांवर दोन्ही बाजूंनी पाण्याच्या कमानी सोडल्या. १९६३ साली याच चंदीगडला पहिली मिग-२१ आली होती. बासष्ट वर्षं झाली.

भाचा उभ्या उभ्या बघत होता. चप्पल पायात, गाडीची किल्ली हातात. विमानाचं इंजिन बंद झालं आणि तो मटकन खुर्चीत बसला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, डोक्यावर निम्मे केस पांढरे, आणि डोळ्यांतून धारा. "गेली गं मावशी," एवढंच म्हणाला.

आक्का हातात ओटीचं ताट घेऊन दारात उभी होती. तिनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग टीव्हीकडं. म्हणाली, "गेली ना? सुटले सगळे." आणि जिना उतरायला लागली.

एकाच घरातली दोन माणसं, एकच विमान. एकाला वाटतं मायेचं माणूस गेलं आणि दुसरीला वाटतं इडापिडा टळली. मी मधे बसलेली. त्या दिवसापासून मी विचार करते आहे की यातलं बरोबर कोण?

ज्यांना हे विमान ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मी साधी बीए झालेली मराठीची शिक्षिका, तेव्हा चुकलं-माकलं तर भाचा दुरुस्त करेलच.

मिग-२१ हे मूळ रशियाचं विमान. मिकोयान आणि गुरेविच या दोघांच्या नावावरून 'मिग'. १९५० च्या दशकात त्याची आखणी झाली. जगभरात मिळून अकरा हजारांच्या वर तयार झाली असं म्हणतात. आपल्याकडं ती नुसती विकत आणली नाहीत, तर इथं बनवलीही. आणि कुठं, तर आपल्या नाशिकजवळ ओझरला! हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा तिथला कारखाना १९६४ साली मिगसाठीच उभा राहिला. सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातल्या कोरापुटला आणि आतली यंत्रं हैदराबादला, अशी वाटणी होती. म्हणजे हे विमान निम्मं आपल्या घरचंच म्हणायचं. माझ्या नाशिककडच्या चुलत बहिणीच्या घरी उन्हाळ्याच्या सुटीत राहायला गेलं की दुपारच्या झोपेचं खोबरं व्हायचं, ते या मिगमुळं.

दिसायला हे विमान म्हणजे टोकदार पेन्सिल. लांबी पंधरा मीटरच्या आसपास, आणि दोन्ही पंखांची टोकं धरली तरी रुंदी जेमतेम सात मीटर. पंख पातळ, त्रिकोणी, मागं ओढलेले. एकच इंजिन. उंचावर गेलं की आवाजाच्या दुप्पट वेगानं जायचं. भाचा म्हणतो, "पुणं ते मुंबई चार मिनिटं, मावशी." (आम्हाला कसब्यातून स्वारगेटला जायला चाळीस लागतात. असो.)

पण हा वेग साधायला जी बांधणी केली तीच उतरताना आडवी येते. एवढ्याशा पंखांवर हे विमान सावकाश उडूच शकत नाही. उतरतानाही त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. त्यापेक्षा वेग कमी केला की ते तरंगत नाही, खाली बसतं. इंजिनाचा जोर शेवटपर्यंत धरून ठेवावा लागतो, आणि जमिनीला टेकल्यावर मागून छत्री सोडून थांबवावं लागतं. पुढं लांब नाक, त्यामुळं समोरची धावपट्टी धड दिसत नाही. शिकाऊ वैमानिकांसाठी जे दोन आसनांचं मिग होतं, त्यात मागं बसणाऱ्या शिक्षकाला तर पुढचं इतकं कमी दिसायचं की त्याच्यासाठी पाणबुडीत असते तशी आरशांची नळी बसवलेली होती. एका वेळी तेल मावायचं अर्ध्या-पाऊण तासाचं. राजस्थानच्या उन्हात जमिनीवर उभं राहिलं की आत भट्टी.

मला सांगा, अशा वस्तूवर कुणाचं प्रेम बसेल?

बसतं. भाच्याचं बसलं. तो खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून बाहेर पडला, मग हैदराबादजवळ विमान शिकला, आणि १९८९ साली त्याला आसामात तेजपूरला पाठवलं. नव्या पोरांना मिग तिथं शिकवत. त्याआधी तो 'किरण' नावाचं विमान चालवायचा. ते शांत, सालस. तिथून थेट मिग. तो सांगतो, "पहिल्यांदा एकट्यानं उडवलं तेव्हा विमान पुढं गेलं आणि मी तीन मिनिटं मागं राहिलो." म्हणजे काय, तर विमानाचा वेग डोक्यात शिरायच्या आधी विमान पुढचं काम करून मोकळं झालेलं असायचं. हळूहळू तो विमानाच्या बरोबरीला आला. आणि मग, त्याच्याच शब्दांत, "एक दिवस मी पुढं गेलो आणि ते माझ्या मागून यायला लागलं. तो दिवस मी विसरणार नाही."

त्यानं पुढं वीसेक वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच बिकानेरजवळ नाल वगैरे ठिकाणी याच विमानावर. आता तो प्रवासी विमानं चालवतो. मोठाली, दोन इंजिनांची, सगळं संगणकावर. मी एकदा विचारलं, "हे बरं की ते बरं?" म्हणाला, "हे फार चांगलं आहे. पण हे माझ्या चुका झाकतं. मिग झाकायचं नाही. हात किती तयार झालाय ते दर वेळी तोंडावर सांगायचं. तुझ्यासारखं."

"माझ्यासारखं म्हणजे?"

"म्हणजे तू कशी वही तपासायचीस? लाल रेघ, आणि एक अक्षर बोलायचं नाही."

मला त्या वेळी फार बरं वाटलं होतं, हे कबूल करते. त्याबद्दल पुढं सांगते.

भाच्याचं हे प्रेम एकट्याचं नाही. या विमानाचा इतिहास काढला तर अभिमान वाटावा असं पुष्कळ आहे. १९७१ च्या युद्धात १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर अचूक मारा केला तो मिग-२१ नी. गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. त्याच्या दोन दिवस आधी कच्छच्या आखातावर आपल्या मिगनं पाकिस्तानचं अमेरिकन बनावटीचं स्टारफायटर पाडलं. १९९९ मध्ये कारगिलला आपल्या साथीदाराला शोधायला मागं राहिलेले स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा मिग-२१ मध्येच होते. ते परत आले नाहीत. २०१९ साली अभिनंदन वर्धमान यांचं नाव घराघरांत पोचलं तेही याच विमानामुळं. आपले मराठी हवाई दलप्रमुख प्रदीप नाईक आणि अलीकडचे, नांदेड जिल्ह्यातले विवेक राम चौधरी, दोघांचेही हात मिग-२१ वर फिरलेले. पन्नास वर्षांत जो कुणी लढाऊ वैमानिक झाला, त्यातला बहुतेक जण या शाळेतून गेला. शाळेवर माया असतेच माणसाची.

आता आक्काची बाजू.

आक्का आमच्या पेठेतच राहते, आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. पूर्वी इथं आमचा वाडा होता. १९८९ साली वाड्यात फोन एकच, शेजारी. भाचा तेजपूरला गेला त्या वर्षापासून शेजारचा फोन रात्री नऊनंतर वाजला की आक्का हातातलं काम टाकून जिन्यात येऊन उभी राहायची. नुसती उभी. कुणी हाक मारत नाही असं बघून परत आत जायची. लोहगाव इथून लांब नाही. १९८७ मध्ये तिथं मिग-२९ आली, १९९७ मध्ये सुखोई आली. त्यांचा आवाज पेठेवरून गेला की आम्ही कानावर हात ठेवायचो, आणि ही गॅलरीत येऊन आवाज विरेपर्यंत वर बघत राहायची. आपला मुलगा हजार किलोमीटर लांब आहे, ही विमानंही वेगळी आहेत, हे तिला कळत नव्हतं का? कळत होतं.

वर्तमानपत्रं तेव्हा या विमानाला 'उडती शवपेटी' म्हणायची. भाच्याला हा शब्द ऐकला की संताप यायचा. सुटीवर आला की आक्का पेपर लपवून ठेवायची, आणि तो तिनं वाचू नये म्हणून लपवायचा. एकदा दोघांनी एकाच दिवशी लपवलेला पेपर मी दोन दिवसांनी शोधून काढला.

१९९० च्या दशकात त्याच्या बरोबरचा एक मुलगा राजस्थानात गेला. लग्न होऊन सहा महिने झालेले. तो मुलगा आमच्या वाड्यात गणपतीत आठ दिवस राहून गेला होता, आक्काच्या हातचे मोदक मोजून एकवीस खाल्ले होते. त्यानंतर आक्का मिगबद्दल एक शब्द बोलली नाही. पार २६ सप्टेंबरपर्यंत.

आकडे सांगायचे तर, २०१२ साली तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं होतं की मिग जातीची ८७२ विमानं घेतली, त्यातली ४८२ आदल्या चाळीसएक वर्षांत अपघातांत गेली. १७१ वैमानिक गेले आणि जमिनीवरची ३९ साधी माणसंही. हा सगळ्या मिगचा आकडा आहे, एकट्या २१ चा नाही, हे भाचा मला बजावून सांगतो. शिवाय तो म्हणतो की किती उड्डाणं झाली, किती वर्षं झाली, त्यांच्या मानानं आकडा बघायचा. पक्षी इंजिनात जातात, सोव्हिएत संघ फुटल्यावर सुटे भाग मिळेनासे झाले, पोरं नवखी असतात, सगळा दोष विमानाचा कसा? बरोबर आहे त्याचं. पण १७१ म्हणजे १७१ घरं. प्रत्येक घराला जिना असेल आणि त्या जिन्यात एखादी आक्का.

अशाच एका आईचं नाव पुष्कळांना आठवत असेल. मुंबईच्या कविता गाडगीळ. त्यांचा मुलगा फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी सुरतगडहून रात्रीच्या उड्डाणात मिग-२१ मध्ये गेला. चूक वैमानिकाची, असं म्हटलं गेलं. ते या माउलीला मान्य झालं नाही. त्यांचे यजमानही हवाई दलातले निवृत्त अधिकारी. दोघांनी मिळून मुलाच्या नावानं हवाई सुरक्षेसाठी संस्था काढली, वर्षानुवर्षं प्रश्न विचारत राहिले. त्यांच्यावर टीकाही झाली. पण मला त्यांचं मोठेपण यात वाटतं की त्यांनी नुसता शोक केला नाही, हिशेब मागितला.

आता माझं मत सांगते. अर्थात ते एका शिक्षिकेचं मत आहे.

मघाशी म्हणाले ना, भाच्यानं मला मिगची उपमा दिली तेव्हा बरं वाटलं होतं. मी बत्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. कडक बाई म्हणून माझी ख्याती होती. दर दोन-तीन वर्षांनी जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होतो. टक्कल पडलेले, पोट सुटलेले मुलगे येतात, वाकून नमस्कार करतात आणि म्हणतात, "बाई, तुमच्या पट्टीमुळं आम्ही घडलो." मी खूश होते. कोण नाही होणार?

पण माझ्या वर्गात तांबट आळीतला एक मुलगा होता. आठवीत. वाचताना अडखळायचा. मी त्याला रोज उभं करून धडा वाचायला लावायची. मला वाटायचं, रोज वाचून वाचून जीभ सुटेल. वर्ग हसायचा, त्यांना मी दटवायची, पण त्याला बसू द्यायची नाही. दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेत आलाच नाही. वडिलांच्या हाताखाली भांडी ठोकायला बसला.

पुष्कळ वर्षांनी घंगाळाला कल्हई करून हवी होती म्हणून त्या आळीत गेले, तर तो भेटला. "बाई, बसा," म्हणाला, चहा मागवला. राग नाही, काही नाही. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून त्याच्या कामाबद्दल विचारलं. तर म्हणाला, "तांबं ठोकलं की कडक होतं, बाई. नुसतं ठोकतच राहिलं तर चिरतं. मधे मधे भट्टीत घालून नरम करायला लागतं, मग परत ठोकायचं." तो तांब्याबद्दलच बोलत होता. मला मात्र घरी येईपर्यंत रस्ता दिसला नाही.

तो मेळाव्याला कधी येत नाही. त्याला कुणी बोलावतही नाही. मेळाव्याला येतात ते माझ्या पट्टीतून पार पडलेले. त्यांची माया खोटी नाही, अगदी खरी आहे. पण ती अर्धीच साक्ष आहे. उरलेली अर्धी साक्ष देणारे सभागृहात नसतात.

मिगवरच्या प्रेमाचं मला तसंच वाटतं. भाचा खोटं बोलत नाही. अवघड वस्तू हाताला वश झाली की जी माया बसते, तिच्यासारखी माया सोप्या वस्तूवर बसत नाही. घोड्यावर बसणाऱ्याला विचारा, तंबोरा जुळवणाऱ्याला विचारा. ते प्रेम म्हणजे वेडेपणा, असं म्हणणारे वर्तमानपत्रवाले चुकतात. 'शवपेटी' म्हणून आपण मोकळे होतो, पण त्यात बसून देशाचं काम केलेल्या माणसांना आपण प्रेत ठरवतो हे लक्षात येत नाही. भाच्याचा संताप योग्य आहे.

पण जे परत आले नाहीत त्यांना 'हे विमान तुम्हाला आवडलं का' असं विचारता येत नाही. एकदा भाचा त्या गेलेल्या मित्राबद्दल म्हणाला, "तो असता ना मावशी, तर आज तोही रडला असता." मी म्हटलं, "असता तर." तो गप्प झाला. मीही गप्प झाले, कारण बोलायला नको होतं.

आणि माझा खरा आक्षेप वैमानिकांच्या प्रेमावर नाहीच. त्या प्रेमाचा आडोसा जे घेतात त्यांच्यावर आहे. 'वैमानिक स्वतः कुठं तक्रार करतात? त्यांना तर हे विमान प्रिय आहे!' असं कितीदा ऐकलं आपण. २००३ साली जॉर्ज फर्नांडिस यांनी संरक्षणमंत्री असताना, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी अंबाल्याहून मिग-२१ मधून उड्डाण केलं. धाडसी माणूस होता, पोरांबरोबर बसायला गेला, त्याचं मला कौतुकच वाटलं होतं. पण मंत्र्यानं एकदा बसून उतरल्यानं नवख्या पोराचा प्रश्न सुटत नाही.

प्रश्न होता मधल्या पायरीचा. 'किरण'सारख्या सालस विमानावरून एकदम मिगवर उडी, मधे काही नाही. मधे एक वेगवान शिकाऊ जेट विमान हवं, असं हवाई दलाच्या समितीनं १९८२ साली सांगितलं होतं. त्या 'हॉक' विमानांचा करार कधी झाला? २००४ साली! आणि आपल्या उदगीरच्या पलीकडं बिदरला ती रीतसर दाखल झाली २००८ च्या फेब्रुवारीत. म्हणजे सव्वीस वर्षं. माझा भाचा १९८९ मध्ये तेजपूरला गेला तेव्हा कागद निघून सात वर्षं झाली होती. तो मोदक खाऊन गेलेला मुलगा त्याच काळातला. मिगच्या जागी येणाऱ्या आपल्या स्वदेशी विमानाचं काम १९८३ मध्ये मंजूर झालं, आणि त्या 'तेजस'ची पहिली तुकडी उभी राहिली २०१६ मध्ये. तोवर जुन्यालाच डागडुजी करून वापरायचं, नवी यंत्रं बसवायची, 'बायसन' म्हणायचं. तांबटाच्या पोराला जे कळत होतं ते दिल्लीत कळायला सव्वीस वर्षं का लागावीत? नुसतं ठोकत राहिलं की चिरतं. मधे भट्टी लागते.

हे आपल्याकडंच झालं असंही नाही. मघाशी ज्या स्टारफायटरचं नाव घेतलं ते पश्चिम जर्मनीनं नऊशेच्या वर घेतलं होतं. जवळजवळ तीनशे पडली, शंभराच्या वर वैमानिक गेले. लोक त्याला 'विधवा करणारं' म्हणायचे. तिथंही वैमानिकांची त्या विमानावर माया होतीच म्हणे. पण तिथल्या विधवा आणि कुटुंबं कोर्टात गेली आणि अमेरिकन कंपनीला त्यांच्याशी तडजोड करावी लागली.

म्हणून मला वाटतं, माया वैमानिकाची असते आणि हिशेब आपला असतो, म्हणजे तुमचा-माझा, सरकारचा, संसदेचा. वैमानिकानं विमानावर प्रेम करावं, त्याशिवाय तो त्यात बसूच शकणार नाही. पण त्याचं प्रेम बघून आपण हिशेब मिटवून टाकायचा नाही. सैनिक तक्रार करत नाही, म्हणून तर त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणी तरी करायची असते. आक्का जिन्यात उभी राहायची, तो तिचा हिशेबच होता. फक्त तो कुणी लिहून घेतला नाही.

मग भाचा बरोबर की आक्का? मला दोघांचंही पटतं, पण उत्तर द्यायची वेळ आली तर मी आधी आक्काचं ऐकेन. माझ्या भाच्याला हे आवडणार नाही. रागावू नकोस रे.

अजून थोडं सांगायचं राहिलं. मिगला निरोप देऊन तीन आठवडे होतात न होतात तोच, १७ ऑक्टोबरला ओझरला तेजस विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. जिथं मिग व्हायची तिथंच आता तेजस. दिवाळीला भाचा आला तो तेच सांगत होता. संगणक कसा सतत सांभाळून घेतो, वैमानिकाचा हात चुकला तरी विमान कसं सावरतं. आक्का चकल्या मोडत ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे सोपं आहे?"

"हो आई, त्या मानानं खूपच सोपं."

"मग त्याच्यावर तुमचं एवढं प्रेम नाही बसायचं."

भाचा हसला. "नाही बसायचं एवढं."

"मग बरं आहे," आक्का म्हणाली, आणि त्याच्या ताटलीत आणखी दोन चकल्या घातल्या.

इथं संपलं असतं तर किती छान झालं असतं. पण महिन्यानं, २१ नोव्हेंबरला, दुबईच्या प्रदर्शनात कसरती करताना तेजस कोसळलं. विंग कमांडर नमांश स्याल गेले. सोपं म्हणावं असं विमान नसतंच, हे भाच्याला ठाऊक होतं, आक्कालाही ठाऊक असावं. त्या रात्री मी खाली गेले तर देवापाशी दिवा तेवत होता आणि ती अंधारात बसली होती. मला वाटलं विमानाबद्दल काही बोलेल. तर म्हणाली, "त्याच्या आईला कुणी सांगितलं असेल गं? फोनवर की घरी येऊन?"

मला उत्तर देता आलं नाही. तिच्याजवळ बसून राहिले.